सातव्या दिवसाआधी छापलेलं नाव

या लेखात कुणाचंही नाव येणार नाही. माझंसुद्धा नाही. एका घरातलं नाव मी न विचारता कागदावर चढवलं आणि त्याचं काय झालं, तेच सांगायला बसलो आहे. तोच उद्योग पुन्हा करायचा नाही, एवढं तरी मला कळायला हवं. आज त्या घरात ज्यांनी कुणी कुणाला हाक मारत नाही अशी चार-दोन नावं तेवढी येतील.

मी पत्रकं लिहितो. मुंबई कुणाची हा सवाल रस्त्यावर आल्यापासून हेच माझं काम. आमच्या विभागाच्या कमिटीत भाषणं करणारे पुष्कळ, चहा सांगणारे त्याहून जास्त. पण दोन तासांची चर्चा एका पानात, ठळक टायपात, गिरणीची पाळी सुटलेल्या माणसाला जिन्यात उभ्या उभ्या वाचता येईल अशी उतरवणारा मी एकटा. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

छापखाना गिरगावातल्या एका बोळात. एकच मशीन, पायाने मारायचं. छापखानेवाल्याला मजकूर एक-दोन दिवस आधी लागायचा. त्यामुळे आम्हाला एक सवय जडली होती आणि ती वाईट आहे असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सभा उद्या असली, तरी तिचा वृत्तांत आज लिहून तयार. 'प्रचंड सभेत एकमताने ठराव मंजूर.' 'महिलांची लक्षणीय उपस्थिती.' मग सभा व्हायची आणि बहुतेक वेळा आमच्या वृत्तांताबरहुकूम व्हायची. लोक येतच होते, ठराव मंजूर होतच होते, बायका पुढे बसतच होत्या. आपण खोटं लिहितो असं वाटायला जागाच नव्हती. आम्ही फक्त घाई करत होतो.

आमची चाळ डिलाईल रोडच्या मागच्या गल्लीत. आमच्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरी खोली, तिथे चाळीतलं एकुलतं एक मुसलमान बिऱ्हाड. रत्नागिरीकडचं. घरात कोकणी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि भांडण निघालं की सगळ्या मुंबईसारखं हिंदी. घरधनी तिशी ओलांडलेला, त्याला मी भाई म्हणत असे. त्याची बायको, भाभी. एक मुलगी सात वर्षांची, आणि दुसऱ्या बाळंतपणासाठी गावाहून आलेली भाभीची आई, जिला सगळी चाळ नानी म्हणे.

भाई आठ वर्षं विलायती कंपनीच्या बोटींवर आगवाला होता. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात, भट्टीच्या तोंडाशी उभा राहून कोळसा घालणारा. बोटी तेलावर चालायला लागल्या तसे आगवाले घरी बसले. तो गिरणीत बदलीवर जायचा. काम मिळालं तर मिळालं, नाही तर दहा वाजता परत. मला तो नावाने हाक मारत नसे. "काय कमिटी, आज कुठलं सरकार पाडलं?" असं दारातूनच विचारायचा. मी म्हणायचो, चहा मिळाला तर संध्याकाळपर्यंत पाडतो. असं आमचं चालायचं.

गेल्या हिवाळ्यात त्याला एक वाट दिसली होती. बोटीवरचा त्याचा जुना गोरा इंजिनियर आता तिकडे विलायतेत एका बंदराच्या कारखान्यात मोठा झाला होता. त्याने चिठ्ठी धाडली, की ये, काम आहे, राहायला जागा आहे, वर्षाने बायकामुलांनाही आण. अडत होतं एकच. पासपोर्ट. आणि पासपोर्टच्या आधी पोलिसांची चौकशी. एक माणूस येणार, घर बघणार, शेजारीपाजारी विचारणार आणि वर दोन ओळी लिहून पाठवणार. त्या दोन ओळींवर त्या घराचं पुढचं सगळं ठरायचं होतं. हे चाळीला ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरच्या आमच्या दोन गरम डोक्यांना मी स्वतः सांगितलं होतं, की भाईच्या दारासमोर घोषणा नकोत, तिथल्या भिंतीवर काही रंगवू नका. मी सांगितलं होतं. मी.

दिवस तेव्हा चांगले नव्हतेच. गोळीबार होऊन गेला होता. परळपासून लालबागपर्यंत, माणूस गेलेली घरं कुणी न दाखवता ओळखू येत. दार उघडं असायचं आणि आत बोलण्याचा आवाज नसायचा. गल्लीत नवा माणूस आला की कपडे वाळत घालणाऱ्या बायका हात थांबवून बघायच्या. तो दोन नाक्यांच्या मध्ये कारणाशिवाय रेंगाळला तर साध्या कपड्यातला पोलीस समजायचा, हे आम्ही शिकलो होतो. आमच्या कमिटीतले दोघे असेच उचलले गेले. त्यांना कुणी दाखवून दिलं ते आजही माहीत नाही, आणि माहीत नसल्यामुळे आम्ही एकमेकांकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागलो होतो.

अशात भाईच्या घरी मुलगी झाली. परळच्या इस्पितळातून तिसऱ्या दिवशी घरी आली. त्यांच्या घरची रीत अशी, की सातव्या दिवशी जावळ काढायचं आणि घरातल्या वडीलधाऱ्याने कानात नाव सांगायचं. त्याआधी नाव घ्यायचं नाही. म्हणजे ठरवायचं, पण मुलीला त्या नावाने हाक मारायची नाही.

भाईने नाव ठरवायला घेतलं ते एखादं यंत्र जोडावं तसं. त्याच्याकडे एक जुनी डायरी होती, तिच्यात एक पान भरून नावं. गॅलरीच्या कठड्याला रेलून तो एकेक नाव घ्यायचा आणि बोटीवरचा मोठा इंजिनियर वरच्या शिडीवरून, इंजिनाच्या आवाजात, ते कसं ओरडेल तसं ओरडून बघायचा. जुलेखा, काट. खदीजा, त्या 'ख'ला गोरा माणूस खोकतो, काट. रुखसाना, अर्ध्यात दमतो, काट. पलीकडचे लोक हसायचे, मीही हसायचो. उरली ती सगळी आखूड, गुळगुळीत नावं, तिकडच्या लोकांच्या तोंडात आधीपासून असलेली किंवा त्यांच्या एखाद्या नावाची चुलत बहीण वाटतील अशी.

मला हसू आलं तसा रागही आला. मी बावीस वर्षांचा होतो, राग मला हसण्यापेक्षा लवकर सापडायचा. मी त्याला म्हटलं, "इंग्रज जाऊन नऊ वर्षं झाली, भाई. आणि तू पोरीचं नाव त्याच्या जिभेला विचारून ठेवतोस?"

"इंग्रज इथनं गेला रे," तो म्हणाला. "मी तिथे चाललोय ना."

"आम्ही इथे मराठीसाठी गोळ्या खातोय."

"मग मी मराठी सोडली काय? तुझ्याशी बोलतोय ती काय फारसी आहे?"

भाभी आतून हसली. मग त्याने सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. बोटीवर आठ वर्षं त्याला चार्ली म्हणत. त्याच्या आधीच्या आगवाल्यालाही चार्ली म्हणत आणि नंतरच्यालाही म्हणत असतील. नोकरीच्या पुस्तकात बापाने ठेवलेलं नाव, पण ते पुस्तक कपाटात बंद. आणि मोठी मुलगी. तिला भायखळ्याकडच्या एका मिशनच्या शाळेत घातलेली. तिथल्या बाईंना तिचं नाव अवघड गेलं म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांनी तिला रोझी केली. आता घरी पाहुणा आला आणि नाव विचारलं की ती रोझी सांगते. बापाने ठेवलेलं नाव सांगताना लाजते.

"मोठीला नाव मी ठेवलं आणि वापरतात दुसऱ्याचं," भाई म्हणाला. "हिच्या वेळी कुणाला तशी संधी द्यायची नाही. नाव असं पाहिजे, की समोरच्याला ते बदलायला कारणच मिळता कामा नये. आमच्यात बसणारं, त्याच्याही तोंडात बसणारं. काय वाईट आहे त्यात?"

काय वाईट होतं? काहीच नव्हतं. आणि हे इतर कुणापेक्षा मला आधी कळायला हवं होतं. आमच्या घरात माझ्या आजोबांचं नाव गावाने ठेवलेलं होतं. नाव कसलं, उकिरड्यावरच्या वस्तूचं नाव. गावकुसाबाहेरच्या माणसाला तसंच नाव ठेवायचं, अशी वरच्या आळीची रीत. माझ्या वडिलांनी गिरणीत लागल्यावर मला नाव ठेवलं ते मुद्दाम शाळेच्या हजेरीत खपेल असं, मास्तरने वाचलं तर मान वर करून बघणार नाही असं. म्हणजे भाई करत होता तेच माझ्या बापाने वीस वर्षांपूर्वी केलेलं होतं, आणि त्या नावाच्या आधारावर मी शिकलो, सभेत उभा राहिलो. पण तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. डोक्यात पत्रक असलं की माणसाला शेजार दिसत नाही.

त्या घरात भाईच्या विरुद्ध एकच माणूस होतं, नानी. तिला मुलीचं नाव नुसरत हवं होतं. तिच्या आईचं नाव. नवरा मचव्यासकट बुडाल्यावर त्या बाईने खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, विकून पाच पोरं वाढवली होती. नुसरत म्हणजे फत्ते, नानी म्हणायची, तिच्या नावात फत्ते होती म्हणून आम्ही जगलो. भाई म्हणे, नाव लाख मोलाचं आहे, पण ते तिकडे चालणार नाही. दोघांचं भांडण आवाज न चढवता चालायचं. नानी पोरीचं अंग चोळताना मुद्दाम ते नाव गाण्यात घ्यायची आणि भाई मुद्दाम खोकायचा.

मी नानीच्या बाजूचा झालो. तिच्यासाठी नव्हे. फत्ते हा शब्द मी ऐकला आणि माझ्या डोक्यात छापखान्याचे खिळे जुळायला लागले.

त्या आठवड्यात आमच्यावर एक आरोप होत होता, की ही चळवळ एका जातीधर्माची आहे, इतर लोक तिला भितात. याला उत्तर द्यायचं होतं. कमिटीत म्हणाले, एखादं जिवंत उदाहरण टाका. जिवंत उदाहरण माझ्या शेजारच्या खोलीत टाहो फोडत होतं. चौथ्या दिवशी मी बसलो आणि अर्ध्या तासात लिहिलं. आजही ते मला पाठ आहे, मी लिहिलेलं सगळं पाठ असतं:

'मुसलमान कामगाराच्या घरी विजयाचा जन्म. डिलाईल रोडवरील आमच्या एका मुसलमान कामगार बंधूने आपल्या नवजात कन्येचे नाव नुसरत, म्हणजेच विजय, असे ठेवले आहे. ते म्हणाले, माझी मुलगी मुंबईत जन्मली, तिची मुंबई महाराष्ट्राचीच. परदेशातली भाकरी आम्हाला नको. वेळ आली तर बायकामुलांसह गोळीसमोर उभे राहू.'

भाई यातलं एक अक्षर बोलला नव्हता. पण आम्ही असंच लिहायचो. माणूस काय बोलला यापेक्षा त्याने काय बोलायला हवं ते लिहायचं, आणि मग तो पुढे तसाच बोलतो, असा आमचा अनुभव. नानी जिंकेल अशी माझी खात्री होती, कारण कोकणातल्या घरात शेवटी म्हातारीचं चालतं. सातव्या दिवशी तिने कानात नुसरत सांगितलं की आठव्या दिवशी पत्रक वाटायचं, भाईला नेऊन दाखवायचं, तो दोन शिव्या घालेल आणि चहा देईल. मी त्याचं नाव घातलं नव्हतं, चाळीचंही घातलं नव्हतं. जबाबदारीने लिहिलंय असं मी स्वतःला सांगितलं. डिलाईल रोडवर कोकणी मुसलमानांची बिऱ्हाडं मोजायला हाताची बोटंही जास्त व्हावीत, आणि त्यातल्या एकाच घरी त्या आठवड्यात पाळणा बांधलेला, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पत्रक आठव्या दिवशी वाटायचं होतं. लालबागची सभा दोन दिवस अलीकडे आली. मी तेव्हा दादरला दुसऱ्या कामात होतो. गठ्ठा छापखान्यातून आला तसा कार्यकर्त्यांनी उचलला आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी सभेत वाटून टाकला. मला ते घरी आल्यावर, खालच्या पानवाल्याकडे कळलं. त्याने सुपारी ज्या कागदात बांधून दिली तो कागद माझाच होता.

मी वर गेलो. भाईच्या खोलीत दिवा होता, नानी गुणगुणत होती. दारात जाऊन सांगायला हवं होतं. मी विचार केला, उद्या नाव ठेवून होऊ दे, मग सांगू. नानीने नुसरत सांगितलं तर सांगायला तरी काय राहील? एवढं होऊनसुद्धा, आपलं लिहिलेलं खरं व्हावं म्हणून मी एका म्हातारीच्या जिंकण्याची वाट बघत पडलो.

सातव्या दिवशी सकाळी न्हावी आला. त्याला दारातच बसवलं. आत भाभीने पाणी गरम केलं होतं, शेजारच्या बायकांनी साखर आणली होती. रात्रीच कधीतरी त्यांचं आपसात ठरलं असावं, कारण भाई खुशीत होता आणि नानी गप्प होती, पण रागावलेली नव्हती. मला बघून भाई म्हणाला, "ये कमिटी. तुझ्या पार्टीचा पराभव झाला." मी पायातलं न काढता तसाच उभा राहिलो. तोंड उघडलं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

आलेला माणूस चाळिशीचा, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीतून दुध्याचं टोक बाहेर आलेलं. मंडईतून घरी चाललेला कुठलाही कारकून. त्याने दारावर टकटक केली, चप्पल बाहेर काढली, पाहुण्यासारखा आत आला. पासपोर्टच्या चौकशीला आलोय म्हणाला. भाईने लगबगीने खुर्ची दिली. मी गॅलरीत खिडकीपाशी होतो, आतलं सगळं दिसत होतं.

त्याने आधी साधंच विचारलं. किती वर्षं इथे, गाव कुठलं, पाकिस्तानात कोण नातलग. भाई नीट उत्तरं देत होता. मग त्याने पिशवीत हात घातला, दुध्या बाजूला सारला आणि चार घड्या घातलेला कागद काढून मांडीवर उलगडला. माझ्या टायपाची ओळ मी दहा हातांवरून ओळखली.

त्याने पत्रक वाचून दाखवलं. सगळं, सावकाश, स्वच्छ मराठीत. परदेशातली भाकरी नको, इथे जरा थांबला. गोळीसमोर उभे राहू, हे त्याने दोनदा वाचलं. शेजारच्या बायका केव्हा निघून गेल्या मला दिसलं नाही. न्हाव्याने पेटी बंद केली.

"हे तुम्ही म्हणालात?" त्याने विचारलं.

"नाही साहेब."

"मीही मराठीच आहे हो," तो माणूस म्हणाला. "मला राग नाही. पण भाकरी नको असं छापलंय आणि अर्ज भाकरीसाठी केलाय. मी वर काय लिहू? हे कोणी लिहिलं?"

भाईने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. मीही बोललो नाही. सभेत शेकडो माणसांसमोर छाती बडवणारा मी, चार पावलं आत जाऊन 'मी लिहिलं' एवढे दोन शब्द बोललो नाही. उत्तर दिलं नानीने, कोपऱ्यातून, पोरीला मांडीवर घेऊन.

"कागद कोनी लिवला ता कागदालाच इचारा."

तो माणूस हसला. चांगला हसला, मनापासून. मग त्याने पेन्सिल काढली. मुलीचं नाव नुसरत हे तरी खरं का, असं विचारलं. भाई म्हणाला, नाव अजून ठेवलं नाही, आज ठेवायचंय. मग ठेवा, तो म्हणाला. मला लिहायचंय. घरातली माणसं किती आणि कोण, हे लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नाही.

भाई नानीकडे वळला. कानात सांगायचं ते वडीलधाऱ्याने, आधी मुलीला, मग जगाला. नानीने मान हलवली, नाही अशी. पोरीचं डोकं तिने पदराखाली घेतलं. शेवटी भाईने डायरीच्या पानावरचं, काटछाट होऊन उरलेलं, स्वतःचं आवडतं नाव घेतलं. मुलीच्या कानात नाही. खुर्चीवरच्या माणसाला.

त्याने ते लिहून घेतलं. एकदाच ऐकलं, पुन्हा विचारलं नाही, अडखळला नाही. इंग्रजीत लिहिलं असणार, कारण वरची रेघ न ओढता हात झरझर गेला आणि क्षणात थांबला. भाईला हवं होतं तसंच ते नाव निघालं. कुणाला बदलायला कारण मिळू नये असं. ते पहिल्यांदा उमटलं ते चौकशीच्या वहीत.

तो गेल्यावर न्हाव्याने घाईघाईने जावळ काढलं आणि साखर न घेता गेला. नानीने दुपारी मुलीच्या कानात तेच नाव सांगितलं. नुसरत तिने नंतर कधी घेतलं नाही, गाण्यातही नाही. ज्या नावावर पोलीस घरात आला ते आता घरात नको, असं ती भाभीला म्हणाली. तिच्या आईचं नाव होतं ते. पाच पोरं वाढवलेल्या बाईचं.

तीन दिवसांनी मी भाईच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. त्याला माहीत होतं. चौकशीवाला गेला त्याच संध्याकाळपासून माहीत होतं. तो चिडेल, मारेल, अशी माझी तयारी होती, आणि खरं सांगायचं तर तशी इच्छा होती. त्याने बसायला सांगितलं नाही, एवढंच. मी म्हटलं, खुलासा काढतो, दुसरं पत्रक. भाई म्हणाला, "आणखी एक कागद नको."

कमिटीतही नको म्हणाले. खुलासा काढला तर विरोधक टाळ्या पिटतील. एक जण तर म्हणाला, अरे, पत्रक झकास झालंय, वरळीतून आणखी प्रती मागितल्यात. तेव्हा मी पहिल्यांदा कमिटीच्या बैठकीतून उठून आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. चळवळ खरी आहे, मुंबई आपली आहे, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. म्हणूनच मला माझा जास्त संताप येतो. खऱ्या गोष्टीसाठी मी खोटं बोललो, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून.

मग मी एक अर्ज लिहिला. साध्या शाईने, हाताने, माझी सही घालून. की हे पत्रक मी लिहिलं, या गृहस्थाला त्याची कल्पना नव्हती, तो चळवळीत नाही, कधी नव्हता. पोलिसात द्यायला निघालो आणि आधी भाईला दाखवला. त्याने तो दारात उभं राहून वाचला, दोनदा.

"हे दिलंस तर ते विचारतील," तो म्हणाला, "पत्रक लिहिणारा माणूस याच्यासाठी एवढा का झटतोय. मग?"

त्याने अर्ज परत दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

पासपोर्ट आला नाही. नाकारलाही नाही. भाई दर पंधरा दिवसांनी कचेरीत जायचा, तिथे सांगत, कागद वर आहे. इंजिनियरच्या दोन चिठ्ठ्या आल्या, तिसरी आली नाही. भाई बदलीवर जातो. मला आता कमिटी म्हणत नाही, माझ्या नावाने हाक मारतो, आणि ते मला फार लागतं. नानी पावसाच्या आधी गावी गेली. मी अजून पत्रकं लिहितो, पण सभा झाल्याशिवाय वृत्तांत लिहीत नाही. छापखानेवाला कुरकुरतो. कमिटीतले म्हणतात, हा हल्ली मंद झाला.

मुलगी आता रांगते. दुपारी भाभी तिला गॅलरीत सोडते आणि जिन्याच्या तोंडाला पाट आडवा लावून ठेवते.

परवा तो माणूस पुन्हा आला. सदरा तोच, पिशवीत या वेळी मेथीची जुडी. भाई कामावर होता. मी खोलीत लिहीत बसलो होतो, पावलं ऐकून बाहेर आलो. त्याने मला नीट निरखलं, मी कोण ते विचारलं नाही, म्हणजे त्याला माहीत असावं. कागद अजून वर आहे, भाभीला म्हणाला. काळजी करू नका, माझी नजर आहे.

मग तो गॅलरीत उकिडवा बसला, हात पुढे केला आणि मुलीला तिच्या नावाने हाक मारली. अगदी सहज, घरच्यासारखी.

ती वळली आणि त्याच्याकडे रांगत निघाली.